घोडकाठची पांढरी

उठून गेलेल्या गावाच्या जागेला महाराष्ट्रात पांढरी म्हणतात. तिथली राखट, भुसभुशीत माती शेतकरी गाड्या भरून शेतात नेऊन टाकतात. पुराणवस्तुशास्त्रज्ञाला मात्र ती जिथल्या तिथे हवी असते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या उजव्या काठावर अशीच एक पांढरी आहे. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बारा हंगाम ती खणली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे या कामातले प्रमुख. ‘हवामानबदल’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण खणता खणता जो प्रश्न वर आला, तो नेमका तोच होता.

इ.स.पू. 1600 च्या सुमारास इथे शेतकरी येऊन वसले. पुढे इ.स.पू. 1400 ते 1000 हा जोर्वे संस्कृतीचा आरंभीचा काळ म्हणजे गावाची भरभराट. चौकोनी ऐसपैस घरं, लाल भांड्यांवर काळी नक्षी, शेतात जव, गहू, मसूर. नदीचं पाणी वळवायला पाटही खणलेला. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. याच घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा एक रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. गावातल्या इतर प्रौढांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले असत. याचे पाय शाबूत होते. गावाचा प्रमुख असावा, हा तर्क पटण्याजोगा आहे.

इ.स.पू. 1000 नंतरच्या थरांत सगळंच उतरणीला लागलेलं दिसतं. ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या, भांडी ओबडधोबड, शेती आटलेली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरचा भर वाढलेला. इ.स.पू. 700 च्या सुमारास गाव उठलं.

का? पाऊस घटला, असं ढवळीकरांचं उत्तर. खोदकाम चालू असतानाच महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला होता; अशा मुलखात हे उत्तर सहज गळी उतरावं, यात नवल नाही. पण ते केवळ अंदाजावर उभं नव्हतं. जळकं धान्य, जनावरांची हाडं, नदीकाठचे गाळाचे थर असा पुरावा डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी चिकाटीने जमवला होता. 1988 साली उत्खननाचा अहवाल निघाला.

गावाच्या वाताहतीचं हे चित्र आजही टिकून आहे. तिचं कारण मात्र तितकं भक्कम उरलेलं नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या ॲपलाचियन स्टेट युनिव्हर्सिटीत असलेल्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावसह दख्खनमधल्या अशा गावांत पुरलेल्या लहान मुलांची हाडं तपासली आणि 2011 च्या आपल्या पुस्तकात सगळं खापर हवामानावर फोडायला हरकत घेतली. पुढच्याच वर्षी गोदावरीच्या मुखाजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार द्वीपकल्प सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासूनच टप्प्याटप्प्याने कोरडा होत चालला होता. म्हणजे इनामगावकर आले तेच मुळी सुकत चाललेल्या मुलखात, आणि तिथे त्यांनी काही शतकं सुखाने काढली.

2014 साली लोणार सरोवराच्या गाळाने गुंता आणखी वाढवला. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांना त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ सापडले: एक 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. इनामगाव उठलं ते साधारण 2,700 वर्षांपूर्वी, या दोन्हींच्या मधल्या काळात.

लोणार म्हणजे घोडकाठ नव्हे, हेही खरं. पाऊस तालुक्यागणिक बदलतो, हे शिरूरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्यामुळे ढवळीकरांचं उत्तर बाद झालं असं कुणी म्हणू नये. एकट्या पावसाने गाव उठवलं, एवढं मात्र आता म्हणता येणार नाही.