हरताळ, सोमल आणि हातपंप

पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासत, म्हणून आपण आजही ‘नियमांना हरताळ फासला’ असे म्हणतो. हा हरताळ, तांबूस मनशीळ आणि पांढरा सोमल ही सारी आर्सेनिकचीच संयुगे. सोमल हे विष आहे, हे आपल्याला पूर्वापार ठाऊक. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस गंगेच्या मुखाशी कोट्यवधी माणसे आर्सेनिक रोज पीत होती, तेही शुद्ध पाणी म्हणून.

तळ्यांच्या पाण्याने बंगालमध्ये पटकी, हगवण पसरे. लहान मुले दगावत. उपाय म्हणून १९७० नंतर बांगलादेशात सरकारने युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खोदल्या. पुढे लोकांनी पदरमोड करून लाखो खोदल्या. हेतूत खोट नव्हती. फक्त पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी पाहिले नाही. ‘तेव्हा कोणाला ठाऊक असणार?’ हे समर्थन मला पटत नाही. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर विहिरींच्या अशाच पाण्याने माणसांचे पाय काळे पडून सडत होते, आणि तिथल्या ४०,४२१ रहिवाशांच्या तपासणीतून दिसलेला त्वचेचा कर्करोग १९६८ सालीच छापून आला होता.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यासमोर खेड्यांतले रुग्ण आले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके. तळहात-तळपाय खरखरीत, गाठाळलेले. साहांनी दुखण्याचे मूळ कूपनलिकेत शोधले. गावात मात्र अशा माणसांना महारोगी समजत. मुलींची लग्ने अडत. कातडीवरच्या खुणा निदान दिसतात तरी. फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग कित्येक वर्षांनी उघड होतो. बांगलादेशातील आडाईहाजार (म्हणजे ‘अडीच हजार’!) इथे सुमारे १२ हजार माणसांवर २००० सालापासून लक्ष ठेवले गेले. दहा वर्षांनी संशोधकांनी हिशेब मांडला, की तिथल्या पाच मृत्यूंपैकी साधारण एक या पाण्याच्या खाती जातो.

हे विष कुठल्या कारखान्याचे नव्हे. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात ते लोहाच्या ऑक्साइडला चिकटून असते. जमिनीखाली प्राणवायू संपला की जिवाणू ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. गाळाचे थर जागोजागी निराळे, म्हणून एका अंगणातला पंप विषारी आणि शेजारचा चांगला, असे घडते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

बांगलादेशात हा दोष १९९३ साली चापाई नवाबगंजमध्ये सापडला. त्याच्या आदल्याच वर्षी एका ब्रिटिश संस्थेने तिथल्या भूजलाची पाहणी केली होती. अनेक मूलद्रव्ये तपासली, आर्सेनिक नाही. एका गावकऱ्याने त्या संस्थेवर लंडनमध्ये दावा लावला. त्याच्याबाबत काळजी घेण्याचे कायदेशीर बंधन संस्थेवर नव्हते, असे म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने तो २००६ मध्ये फेटाळला. निकाल कायद्याला धरून असेलही; पण त्या गावकऱ्याने दुसरे दार कोणते ठोठावायचे?

२००० नंतरच्या मोहिमेत सुमारे ५० लाख पंप तपासून रंगवले गेले. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक असेल तर हिरवा, त्याहून जास्त असेल तर लाल. सुमारे १४ लाख लाल निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १९९३ पासून १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ४० भरलेला पंपही हिरवाच रंगला.