डेक कोणी झिजवला?

आमच्या एका स्नेह्यांच्या अमेरिकेतील घरामागे लाकडी फळ्यांचा मोठा ओटा आहे. तिकडे त्याला जहाजावरचाच शब्द वापरतात – डेक. पाच-सहा वर्षांच्या ऊनपावसाने तो राखी पडला, तेव्हा त्यांनी यंत्र भाड्याने आणून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तो धुतला. संध्याकाळपर्यंत फळ्या नव्यासारख्या दिसू लागल्या. वाळल्यावर मात्र त्यांवर बारीक कुसे उभी राहिली आणि मुलांच्या तळपायांत शिरू लागली. फवाऱ्याने नेमके काय धुऊन नेले? उत्तर शोधता शोधता आम्ही शिडाच्या जहाजांपर्यंत जाऊन पोचलो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर दिवस उजाडे तो डेक घासण्याने. समुद्राचे पाणी ओतायचे, वाळू पसरायची आणि खलाशांनी गुडघे टेकून वालुकाश्माच्या ठोकळ्यांनी फळ्या घासायच्या. या दगडाला ‘होलीस्टोन’, म्हणजे पवित्र दगड, म्हणत. गुडघे टेकायचे म्हणून हे नाव, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मोठा ठोकळा ‘बायबल’ आणि लहान ‘प्रार्थनापुस्तक’! ही थट्टा ज्यांचे गुडघे सोलवटले त्यांचीच असणार.

यातले पाणी उपयोगाचे होते. पाणी शोषून लाकूड फुगते आणि फळ्यांच्या फटींत ठोकलेले जुन्या दोरखंडांचे तंतू व डांबर घट्ट आवळले जाते. डेक सुकून आकसला की गळती ठरलेली. पण खालच्या मजल्यावर, जेथे शेकडो माणसे झोपत, तेथे हाच ओलावा घातक मानला जाई. कॅप्टन कुक तेथे विस्तव पेटवून जागा कोरडी ठेवी. खलाशांचे आरोग्य कसे राखले यावरील त्याच्या निबंधाला रॉयल सोसायटीने १७७६ मध्ये कॉपली पदक दिले.

दगडाचे काय? त्याने निघे तो केवळ मळ नव्हता. लाकडात सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निन हा पदार्थ बांधून ठेवतो. उन्हातील अतिनील किरण लिग्निन मोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि मागे रुपेरी-राखी तंतू उरतात. त्यात बुरशीचा काळपटपणा मिसळतो. हे किरण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही खोल जात नाहीत. नुसत्या ऊनपावसाने चीड-देवदारासारखे लाकूड शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर झिजते, असा अमेरिकेतील वनोत्पादन प्रयोगशाळेचा अंदाज आहे. राखी थर खरवडला की खालचे ताजे लाकूड उन्हात येते आणि सारे पुन्हा सुरू होते. पांढरा डेक म्हणजे शिस्त, हे समीकरण नौदलाने असे रोज थोडेथोडे लाकूड देऊन जपले.

ते लाकूड पुष्कळदा आपल्याकडचे होते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. सागातील तेलकट द्रव्ये त्याला कुजण्यापासून वाचवतात. दगडापुढे मात्र त्यांचा इलाज नाही.

दगडाची जागा पुढे पाण्याने घेतली. जर्मनीतील कार्शर यांच्या कंपनीने १९५० मध्ये उच्च दाबाचे, गरम पाण्याचे धुलाईयंत्र काढले. आज घरगुती यंत्रही शंभर वातावरणांच्या आसपास दाब देते. आमच्या मते या बाबतीत दगडच बरा म्हणायचा. तो फळी सपाट कापतो. पाणी निवड करते: वाढचक्रातला वसंतातला मऊ भाग खणून निघतो, नंतरचा टणक भाग वरंब्यासारखा उरतो आणि सुटलेले तंतू कुसांसारखे उभे राहतात.

वर्गात हे पाहायला यंत्र नको. उन्हात पडलेल्या जुन्या खोक्याची राखी फळी घ्या, काचेच्या तुकड्याने (शिक्षकांनीच) हलके खरवडा आणि ताजे लाकूड किती लवकर लागते ते मुलांना पाहू द्या. दुसऱ्या टोकाला साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश रेषांच्या दिशेने फिरवा. तेथे बुरशी व धूळ जाते, राखी रंग बराचसा राहतो. आमचे स्नेही आता एवढेच करतात. त्यांचा डेक पुन्हा राखी झाला आहे आणि मुले त्यावर अनवाणी खेळतात.