‘ऑप्टिमाइझ्ड आउट’: हरवलेल्या किमतीचा कागदोपत्री माग

चालू प्रोग्रॅममधल्या एखाद्या व्हेरिएबलची किंमत विचारली की डीबगर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढंच उत्तर देतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं. चूक कंपायलरची, डीबगरची की दोघांमधल्या नोंदीची, हे त्या उत्तरातून समजत नाही. मात्र या अडचणीचा इतिहास सांगणारे कागद शिल्लक आहेत: शोधनिबंध, मानकांच्या आवृत्त्या, जीसीसी कंपायलरचा मूळ कोड आणि साधनांची मॅन्युअल्स. ते कालक्रमाने वाचले की दिसतं, अपुरी नोंद आणि खोटी नोंद हा भेद १९८०च्या दशकातच मांडला गेला होता. जीसीसीत तो गांभीर्याने उतरायला पाव शतक गेलं.

जुलै १९८२मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन हेनेसी यांचा ऑप्टिमाइझ केलेल्या कोडच्या डीबगिंगवरचा निबंध एसीएमच्या नियतकालिकात आला. कंपायलर सूचनांचा क्रम बदलतो, काही सूचना काढूनच टाकतो. त्यामुळे एखाद्या ओळीवर थांबल्यावर मेमरीत सापडणारी किंमत मूळ प्रोग्रॅमप्रमाणे तिथे असायला हवी ती नसू शकते. अशा व्हेरिएबल्सचं वर्गीकरण हेनेसींनी केलं: काहींची किंमत त्या ठिकाणी निश्चितच वेगळी असते, तर काहींची कोणत्या वाटेने तिथे आलो यावर ठरते. दोनच वर्षांनी, १९८४मध्ये, झेरॉक्स पार्कमधून पोली झेलवेगर यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते डीबगरपुढे दोन रास्त मार्ग असतात: ऑप्टिमायझेशन झालंच नाही असं वाटावं इतकं अचूक उत्तर देणं, किंवा ते झालं आहे हे प्रामाणिकपणे सांगणं. दिशाभूल या दोन्हींत बसत नाही.

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ते नोंदवायला जागा हवी. ती ‘ड्वार्फ’ या डीबग नोंदींच्या मानकाने दिली. १९९३च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यात ‘लोकेशन लिस्ट’ आहे: अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत व्हेरिएबल या रजिस्टरमध्ये, त्यापुढे स्टॅकवर, अशी यादी. जो पत्ता यादीत कुठेच बसत नाही, तिथे व्हेरिएबल उपलब्ध नाही. म्हणजे ‘माहीत नाही’ असं म्हणण्याची सोय मानकातच होती.

जीसीसीच्या कोडमध्ये या सोयीचा पद्धतशीर वापर दिसतो तो व्हेरिएबल ट्रॅकिंगच्या टप्प्यात. एप्रिल २००५मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत तो होता. त्या टप्प्याच्या फाइलच्या सुरुवातीची टिप्पणी त्याचं काम सांगते: सूचनांच्या प्रवाहात प्रत्येक ठिकाणी व्हेरिएबल कुठे आहे हे काढणं आणि तशी नोंद करणं. पण त्याच आवृत्तीत ट्री-एसएसए ही नवी ऑप्टिमायझेशनची चौकटही आली. ट्रॅकिंग अगदी शेवटी, यंत्राजवळच्या रूपावर चालत होतं. नवी ऑप्टिमायझेशनं त्याच्या कितीतरी आधी व्हेरिएबल्सच्या जागी तात्पुरती नावं घालत होती. आधीच पुसलेला संबंध शेवटच्या टप्प्याला परत जोडता येत नव्हता.

२००५मध्येच ओटावाच्या लिनक्स परिषदेत रेड हॅट, आयबीएम आणि इंटेलच्या अभियंत्यांनी सिस्टमटॅप हे ट्रेसिंगचं साधन मांडलं. चालू कर्नलमध्ये प्रोब बसवून ते ड्वार्फ नोंदींच्या आधारे लोकल व्हेरिएबल्स वाचतं. इथे वाचणारा बदलला. डीबगरसमोरच्या माणसाला विचित्र आकडा दिसला की तो शंका घेतो; ट्रेसिंगची स्क्रिप्ट तोच आकडा मुकाट्याने बेरजेत घेते. सिस्टमटॅपच्या मॅन्युअलमध्ये फंक्शनचा प्रोलॉग शोधण्याचा एक पर्याय आहे. पॅरामीटर्सच्या चुकीच्या डीबग नोंदींवर मात करण्यासाठी तो आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. साधनाला कंपायलरच्या नोंदीवर विसंबता येत नव्हतं, याचा याहून थेट पुरावा नको.

रेड हॅटमधले अलेक्सांद्रे ओलिव्हा यांनी २००८च्या जीसीसी परिषदेत आपला उपाय मांडला आणि सप्टेंबर २००९मध्ये तो मुख्य कोडमध्ये आला. ऑप्टिमायझेशन सुरू होण्याआधीच प्रत्येक असाइनमेंटपाशी एक डीबग-विधान ठेवायचं: या क्षणी या व्हेरिएबलची किंमत ही. पुढे कोड हलला, बदलला तरी हे विधान सोबत बदलत जातं; किंमत सांगणं अशक्य झालं की ते रिकामं केलं जातं. तयार होणारा यंत्रकोड मात्र त्यामुळे तसूभरही बदलता कामा नये. ते तपासण्यासाठी दोनदा कंपाइल करून तुलना करणारा पर्यायही जीसीसीत आहे. एप्रिल २०१०च्या ४.५ आवृत्तीतून हे सर्वांपर्यंत पोहोचलं. जून २०१०च्या ड्वार्फ ४मध्ये, कुठेच साठवलेली नसली तरी हिशेबाने काढता येणारी किंमत नोंदवायची सोय झाली. २०१३च्या ४.८ आवृत्तीत डीबगिंगला बाधा न आणणारी ‘ओजी’ ही ऑप्टिमायझेशनची पातळी आली. २०१७च्या ड्वार्फ ५ने फंक्शनमध्ये शिरतानाच्या रजिस्टरची किंमत वापरून पॅरामीटर परत मिळवण्याची रीत मानकात घेतली.

आज ट्रेस करताना किंमत मिळाली नाही, तर तपासाची दिशा याच क्रमातून मिळते. आधी ‘रीडएल्फ’ या साधनाने लोकेशन लिस्ट काढावी आणि प्रोबचा पत्ता यादीतल्या कोणत्या पत्त्यांदरम्यान पडतो ते पाहावं. तो यादीबाहेर असेल, तर फंक्शनच्या तोंडाशी किंवा जवळच्या ओळीवर प्रोब हलवला की बरेचदा काम होतं. तरीही नाही मिळालं, तर कंपायलरचा ऑप्टिमायझेशननंतरचा डंप उघडून डीबग-विधान रिकामं झालंय का ते पाहावं. साध्या प्रोग्रॅमला ‘ओजी’ने पुन्हा कंपाइल करता येतं, लिनक्स कर्नल मात्र ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करून बांधताच येत नाही, तिथे नोंदींवरच भिस्त.

आणि किंमत मिळाली, पण पटत नसेल, तर अधिक काळजी घ्यावी. तीच किंमत ऑप्टिमाइझ न केलेल्या बांधणीत, त्याच इनपुटवर ताडून पाहावी. दोन्ही जुळत नसतील तर तो कंपायलरचा दोष म्हणून, छोट्यात छोटा नमुना जोडून कळवावा. कंपायलरने ‘माहीत नाही’ म्हटलं तर आपण दुसरी जागा शोधतो; त्याने खोटं सांगितलं तर आपण चुकीच्या कारणाच्या मागे दिवस घालवतो. झेलवेगर यांनी आखलेली ही सीमा ट्रेसिंग करणाऱ्या प्रत्येकाने आजही धरून ठेवायला हवी.