मोतद्दार झालेला राजा

पायांत चप्पल असेल तर आधी चामड्याचे जाड जोडे मिळवा. इथला चिखल वरून गोठलेला दिसतो, पण पाऊल पडलं की पापुद्रा कर्रकन फुटतो आणि गार पाणी बोटांत शिरतं. ७५४ सालचा जानेवारी. फ्रँकांच्या मुलखातलं पोंतियों. इथं राजा पेपिनचा वाडा आहे आणि सगळं गाव रस्त्यावर उतरलंय, कारण रोमहून पोप येतोय. आल्प्स ओलांडून आजवर एकही पोप इकडे फिरकलेला नाही.

कोपरानं वाट काढा, संकोच नको. ओली लोकर, लीद, शिळी चरबी, सगळे वास एकदम नाकात घुसतात. शेजारची बाई पोराला काखेत घेऊन तणतणतेय. भाषा कळली नाही तरी काळजी कळते. एवढ्या पाहुण्यांना डुकराचं मांस, भाकरी, बिअर पुरवायची कुठून? हिवाळा अजून बराच बाकी आहे. मला विचाराल तर आजच्या दिवसाचं खरं ओझं तिच्याच कोठारावर आहे.

मागे दोन पुरुष कुजबुजतायत. जुन्या राजाचे लांब केस कापून त्याला मठात धाडलं, त्याला जेमतेम दोन-अडीच वर्षं झाली. त्या केसांतच राजेपण असतं, असं इथले लोक मानत आले. पेपिनला आता केसांहून मोठं काहीतरी हवंय. पोपला हव्यात तलवारी, कारण लोंबार्डांचा राजा रोमच्या मानगुटीवर बसलाय. राजकारण एवढं पुरे, सरका, घोडे आले!

आधी स्तोत्रांचा आवाज, मग घोड्यांच्या नाकातली वाफ. पोप स्टीफन खोगिरावर ताठ बसलाय, पण थंडीनं ओठ काळेनिळे पडलेत. आणि त्याच्या घोड्याशेजारी, मोतद्दारासारखा, चिखल तुडवत चालणारा तो माणूस कोण? खुद्द पेपिन! राणी आणि मुलांसह तो तीन मैल सामोरा गेला आणि पोपपुढं जमिनीवर आडवा झाला. बाईची तणतण थांबलीय. राजाच्या अंगरख्याला लागलेल्या मातीवरून तिची नजर हलत नाही.

रात्री दिवाणखान्यात घुसा. धुरानं डोळे चुरचुरतात, हाडकांवरून कुत्री भांडतात. मिरची, बटाटा, टोमॅटो शोधू नका, ते अजून समुद्रापार आहेत. काळी मिरी मात्र भारतातून इथवर पोचते. उत्तरेतल्या कोर्बी मठाला दरवर्षी ३० पौंड मिरी द्यावी, असं ७१६ सालच्या राजाज्ञेतच लिहिलंय.

सकाळी उशिरापर्यंत लोळू नका, नाहीतर उरलेला अर्धा प्रसंग हुकेल. आज जमिनीवर पोप आहे, अंगावर गोणपाट, डोक्यावर राख. राजा, त्याची मुलं आणि सरदार हात देईपर्यंत तो उठत नाही. रोमच्या लेखकांनी राजाचं लोटांगण नोंदवलं, फ्रँक लेखकांनी पोपचं. ज्यानं त्यानं समोरच्याचं वाकणं तेवढं लिहून ठेवलं. दोन्ही पाहिलंत ते तुम्ही.

आता काफिला पॅरिसजवळच्या साँ-दनी मठाकडे निघेल. तिथं पोप आजारी पडेल, बरा होईल आणि जुलैत पेपिनला, त्याच्या दोन्ही मुलांना पवित्र तेलाचा अभिषेक करील. त्यातला थोरला चार्ल्स पुढं शार्लमेन म्हणून गाजणार आहे. पण ते सगळं उन्हाळ्यात. आत्ता तबेल्यातून कुणीतरी तुमच्यावरच खेकसतंय. पाहुण्यांची घोडी उपाशी आहेत, आणि अख्ख्या अंगणात रिकामे हात तुमचेच दिसतायत.