पुरीम : एस्तेरच्या कथेतील अस्तित्वरक्षणाचा अर्थ
हिब्रू बायबलमधील एस्तेरच्या ग्रंथात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही. पुरीम या यहुदी उत्सवाचा अर्थ येथूनच शोधावा लागतो. मर्दखय या एका यहुद्याने मुजरा नाकारला. इराणी दरबारातील हामानाने मात्र आरोप ठेवला तो साऱ्या जमातीवर : यांचे कायदे वेगळे आहेत. संहाराचा दिवस, अदार महिन्याची 13 तारीख, 'पूर' म्हणजे चिठ्ठी टाकून ठरला. वंश लपवून राणी झालेल्या एस्तेरला तो उघड करूनच स्वजनांना वाचविता आले. हामान मारला गेला, तरी राजमुद्रेचे फर्मान रद्द होईना. दुसऱ्या फर्मानाने केवळ स्वसंरक्षणाची मुभा मिळाली. राणी एस्तेरला इराणी साधनांत आधार नाही. परंतु परसत्तेखालील अल्पसंख्याकांचे हे चित्र काल्पनिक म्हणता येत नाही. कथेच्या अखेरीसही यहुदी त्याच राजाचे प्रजाजन आहेत.