अल्लाबांध : भूमीने लिहिलेली नोंद

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु कधी कधी भूमीच आपला वृत्तान्त लिहून ठेवते. कच्छच्या रणातील अल्लाबांध ही अशीच एक नोंद होय.

१६ जून १८१९ रोजी सायंकाळी कच्छला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. सिंधूच्या पूर्वेकडील पुराण नावाच्या फाट्यावर सिंद्री ही कच्छ संस्थानची जकातीची गढी होती. सभोवारची जमीन खचली, पाणी आत शिरले आणि गढी जलमय झाली. तेथील लोक बुरुजाच्या आश्रयाने वाचले. त्याच वेळी गढीच्या उत्तरेस कित्येक मैल लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. पूर्वी सिंधच्या राज्यकर्त्यांनी याच प्रवाहावर बांध घालून कच्छचे पाणी तोडले होते. हा नवा बांध माणसाने घातलेला नव्हे, म्हणून लोकांनी त्याला अल्लाबांध म्हटले.

१८२६ साली सिंधूच्या महापुराने या बांधातून वाट काढली. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर बर्न्स यांनी तेथे पाहणी केली, आणि त्यांच्या माहितीला चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूगर्भशास्त्रावरील ग्रंथात स्थान दिले.

पुढे भूस्तरांचे नकाशे तयार झाले, तेव्हा या घटनेचा व्यापक अर्थ ध्यानात आला. कच्छच्या मुख्य भूमीतील डोंगररांगांची उत्तरेकडील बाजू तुटलेली, तर दक्षिणेकडील उतार सौम्य आहे. त्या तुटलेल्या कडेलगत भ्रंशरेषा जाते. दक्षिणेस सह्याद्रीचाच काळा पाषाण आढळतो. तोही कललेला असल्याने त्याच्या निर्मितीनंतरही भूमीची उलथापालथ चालू राहिली, हे उघड आहे. एका सायंकाळी अल्लाबांध उभा राहिला. अशा असंख्य धक्क्यांनी डोंगर घडत गेले.

तथापि, हे वाचन सोपे नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात १३ हजारांहून अधिक माणसे दगावली, पण ज्या भ्रंशावर तो झाला त्याची फट जमिनीवर स्पष्टपणे उमटलीच नाही. म्हणून नदीने बदललेले पात्र, उंचावर राहिलेले जुने काठ, सपाटीवरील किंचित फुगवटा अशा बारीक खुणाही टिपाव्या लागतात. १९५६ साली हानी सोसलेल्या अंजारवर २००१ मध्ये पुन्हा तीच आपत्ती कोसळली, हे विसरता येत नाही.

महसुली दफ्तरात जमिनीची मालकी, क्षेत्र आणि आकारणी सापडते. तिच्या हालचालींची नोंद मात्र डोंगराच्या कडेवर आणि नदीच्या काठावर असते. वस्ती, धरण वा कालवा यांची जागा मुक्रर करण्यापूर्वी हे दुसरे दफ्तरही उघडून पाहावे, एवढेच सुचवावेसे वाटते.