मुंग्यांच्या पलीकडचा कॅप्टन व्योम

खिशातला फोन काढून ठेवा. आपण १९९८ सालात उतरतोय, तिथे त्याचा काही उपयोग नाही. नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघालेली एसटी तुम्हाला पिंपळवंडीत सोडते. अंगावर रस्त्याची धूळ, नाकात कांद्याचा वास. वय तेवढं बदललंय: तुम्ही अकरा वर्षांचे आहात, पायात झिजलेली स्लिपर आहे आणि तुम्हाला उशीर झालाय.

कशाला उशीर, ते गल्लीत शिरल्यावर कळतं. एका घराच्या दारात चपलांचा ढीग पडलाय. आत सतरंजीवर पोरं दाटीवाटीनं बसलीत. छपरावर एक जण अँटेनाचा दांडा धरून उभा आहे.

"आलं का?"

"नाय, मुंग्याच हायेत!"

"आता?"

"माणूस आला, पन दोन-दोन दिसतोय! कावळा बसलाय का बघ अँटेन्यावर!"

दोन-दोन दिसणारा तो माणूस म्हणजे मिलिंद सोमण, आणि मालिका केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम'. गोष्ट बाविसाव्या शतकातली. अंतराळातल्या तुरुंगातून १२ खतरनाक कैदी पळालेत आणि त्यांना धरून आणायची कामगिरी व्योमवर आहे. यानं, ग्रह, स्फोट, सगळं संगणकावर काढलेलं. आज ते पाहताना हसू येईल, पण इथे हसू नका. तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीनं तोंडातली शेंग चावायची थांबवली आहे.

मुंग्यांची बोळवण करण्याआधी त्यांच्याकडेही नीट बघून घ्या. पडद्यावरच्या त्या वळवळीतला थोडासा वाटा विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रारणाचा आहे. १९६४ साली अमेरिकेत पेंझियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना त्यांच्या अँटेनात हीच खरखर ऐकू आली, तेव्हा त्यांनी आधी आत घरटं केलेल्या कबुतरांवर संशय घेतला होता. कबुतरं हाकलली, विष्ठा साफ केली, तरी खरखर राहिली. पुढे त्यांना नोबेल मिळालं. कावळ्याचा संशय घेणारं आपलं पोरगं अगदीच चुकीच्या वाटेवर नाही.

आणि नेमकी लाईट जाते. व्योम एका दारापाशी पोहोचलाय, दार उघडायला लागलंय, आणि पडदा आकसून ठिपका होतो.

कुणी फारसं ओरडत नाही. सवय आहे. सगळे उठून ओट्यावर येतात आणि आजचा खरा कार्यक्रम इथे सुरू होतो. दारामागे काय होतं? पुढचा भाग आठवड्यानं. तोवर विचारायला कुणी नाही, शोधायला काही नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे फॅन थिअरी, म्हणजे चाहत्यांचे तर्क, जन्माला घातली ती गेलेल्या लाईटनं. ज्यानं अख्खा भाग पाहिला त्याच्याकडे सांगायला गोष्ट असते. ज्याचा अर्धा बुडाला, तर्क त्याच्याकडेच असतो.

पहिला तर्क दुकानदाराच्या पोराचा. "विश्वप्रमुखच सामील हाय त्यांना."

विश्वप्रमुख म्हणजे टॉम ऑल्टर. "का रं?"

"का म्हंजे? इंग्रज हाय त्यो. पिच्चरमदी कायम वाईटच असतोय."

बिचारा टॉम ऑल्टर. जन्म मसुरीचा, उर्दू अशी की ऐकत राहावं, आणि पिंपळवंडीच्या ओट्यावर त्याला जुन्या सिनेमांतल्या सगळ्या गोऱ्या साहेबांचा हिशेब चुकता करावा लागतोय. पण पोराची पद्धत बघा. मालिकेतला पुरावा कमी पडला तेव्हा त्यानं नटाचा मागचा रेकॉर्ड काढला. आजचे जाणते चाहतेही हेच करतात, फक्त भाषा जड वापरतात.

दुसरा तर्क शेंगवाल्या मुलीचा, आणि मला तो जास्त आवडतो. व्योम माणूसच नाही, यंत्र आहे. तो जेवताना दिसत नाही, त्याला घाम येत नाही. "आन् त्या 'मेड इन इंडिया' गान्यात त्यो पेटीतनंच निघालावता!" अलिशा चिनॉयचं ते गाणं १९९५ सालचं. व्हिडिओत सोमण खरंच लाकडी पेटीतून बाहेर येतो. पेटीतून येतं ते यंत्रच. ओट्यावर शांतता पसरते. या तर्काला उत्तर कुणाकडेच नाही.

तुमच्याकडे असेल, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलाय. सांगू नका.

तिसरा तर्क पोरांतल्या सगळ्यात थोरल्याचा. पळालेल्या कैद्यांपैकी एक जण पृथ्वीवर लपलाय, आणि तो खोडदला आहे. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सायकली निघतात.

नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे कुठेही राहणाऱ्याला खोडदच्या छत्र्या ठाऊक आहेत. ४५ मीटर व्यासाची एकेक, अशा ३०. त्यांतल्या १४ खोडदच्या माळावर साधारण चौरस किलोमीटरमध्ये, बाकीच्या १६ तीन दिशांना शेतांमधून पसरलेल्या. मिळून सुमारे २५ किलोमीटर पसाऱ्याची एकच रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं उभी केलेली ही जीएमआरटी. हा भाग निवडला तो शहरी गोंगाट इथवर येत नाही म्हणून; गोंगाट म्हणजे रेडिओ लहरींचा. ती ऐकते त्या पट्ट्यांपैकी एक आहे २३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे मघाशी छपरावरचा दांडा फिरवून तुम्ही जे पकडत होतात त्याच्या अगदी शेजारचा. (पुढे पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग आखतानाही हा शांततेचा प्रश्न आडवा येणार आहे. पण ते पोरांना आत्ता सांगून काय उपयोग.)

तुम्ही कुंपणापाशी पोहोचता तेव्हा दिसतील तेवढ्या सगळ्या छत्र्या आभाळाकडे सरळ तोंड करून थांबल्या आहेत. एकही हलत नाही.

"बघ! वरून कायतरी यायचंय."

थोरल्याचा आवाज खाली आलाय. तुमच्याही अंगावर काटा येतो. खरं कारण असं की वारा फार वाढला की छत्र्या तशा उभ्या करून ठेवतात. एवढ्या मोठ्या जाळीला वारा आडवा लागला तर धोका असतो. जाळी पोलादी तारांची, बारीक, म्हणूनच तर हा अजस्र डोलारा इतका हलका. पोरांनी लक्षण अचूक टिपलं, अर्थ चुकला. आणि आत्ता तुमच्या शर्टात शिरून तो फुगवणारा वाराच पुरावा होता, पण कैदी शोधायला निघालेला माणूस वाऱ्याकडे कशाला बघतो?

परतीच्या वाटेवर दोन ठिकाणी पाय टेकवू. १९७४: मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा बक्षीस मिळवते. लेखक कुणी नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. त्या वाऱ्यासारखीच जयंत विष्णू नारळीकरांनी खूण समोरच ठेवली होती.

१९८०: 'स्टार वॉर्स'च्या दुसऱ्या चित्रपटात डार्थ व्हेडर नायकाला सांगतो की मीच तुझा बाप. पुढचा भाग १९८३ साली. तीन वर्षं अमेरिकेतली पोरं भांडली, खरं की थाप? व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनाही संवाद वाचून वाटलं होतं की हा खोटं बोलतोय. ज्याच्या तोंडून वाक्य निघालं त्याचाच तर्क चुकला, तर टॉम ऑल्टरवर संशय घेणाऱ्या आपल्या पोराला काय बोल लावायचा?

आता २०१६, १९ ऑक्टोबर, रात्रीचे सव्वाआठ. तुम्ही पुन्हा पिंपळवंडीत आहात, एकोणतीस वर्षांचे. घरात टीव्ही सुरू आहे, चित्र स्वच्छ आहे, छपरावर कुणी नाही. आणि थोड्याच अंतरावर, खोडदच्या छत्र्या मंगळाकडे वळल्या आहेत. युरोपचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरतंय. त्याचा क्षीण आवाज इथवर यायला सुमारे १० मिनिटं लागतात, आणि तो टिपायचं काम जीएमआरटीकडे आहे. आवाज येतोय, येतोय, आणि उतरण्याच्या सुमारास तुटतो.

लाईट गेली म्हणा ना. दार उघडायला लागलं होतं आणि पडदा काळा. जगभरचे शास्त्रज्ञ ओट्यावर येऊन बसले: पॅराशूट फाटलं? इंजिन बिघडलं? पण या ओट्यावर तर्क करणाऱ्याला हरायची तयारी ठेवावी लागते. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं आदळल्याची खूण टिपली, नोंदी तपासल्या गेल्या, आणि निघालं ते कुणाही पोरानं रचलं असतं तर आपण उडवून लावलं असतं. फिरकी मोजणाऱ्या उपकरणाची मर्यादा क्षणभर ओलांडली गेली, त्यावरून संगणकानं उंची काढली ती उणे आली, आणि आकाशात काही किलोमीटर वर असतानाच यानाची समजूत झाली की आपण जमिनीखाली आहोत. म्हणून त्यानं पॅराशूट सोडून दिलं.

याउलट, व्योम यंत्र होता की माणूस, याला मंगळावरून कुणी पुरावा आणणार नाही. चाहत्यांच्या तर्काला ही सवलत कायमची आहे, आणि त्यानं ती लाजून घेऊ नये. शेंगवाल्या मुलीचा तर्क मला आजही मालिकेच्या बऱ्याच भागांपेक्षा सरस वाटतो.

तुमच्या घरात असे तर्क लढवणारं कुणी असेल, तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास त्याला खोडदला घेऊन जा. त्या वेळी दुर्बीण लोकांसाठी खुली ठेवतात, आसपासच्या शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञ प्रश्नांना उत्तरं देतात. पोरानं कैद्याबद्दल विचारलं तर मध्ये पडू नका.